खेळाडू आरोपीच्या पिंजऱ्यात

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत "नामवंत खेळाडूंना न्यायालयात सवलत मिळते" असा विषय होता. मी विषयाच्या बाजूने बोललो. भाषणाचा सारा भर एका आकड्यावर होता, एक हजार रुपये. पंजाबात एका वृद्धाचा जीव गेला आणि मारणाऱ्या क्रिकेटपटूला एक हजार रुपये दंड झाला, हे वाक्य मी तीन वेळा निरनिराळ्या आवाजात उच्चारले. टाळ्या पडल्या, दुसरा क्रमांक मिळाला. बक्षीस समारंभ आटोपल्यावर राज्यशास्त्राच्या सरांनी मला बाजूला घेऊन विचारले, "अरे, तो निकाल तू वाचलास का?" मी वाचला नव्हता. एवढेच नव्हे, तर ती शिक्षा २०२२ साली त्याच न्यायालयाने बदलली होती, हेही मला ठाऊक नव्हते. प्रतिपक्षालाही ठाऊक नव्हते, म्हणून त्या दिवशी मी वाचलो.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या भाषणाची दुरुस्ती होय. दुरुस्ती करताना माझे मत उलटे झाले असे मात्र नाही. सवलत असते, असे मला आजही वाटते. पण ती जिथे आहे असे मी सांगत होतो तिथे ती नव्हती.

प्रथम घटना. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळा शहरात रस्त्यावर वाहन उभे करण्यावरून बाचाबाची झाली. एका बाजूस भारतीय संघातील सलामीचा फलंदाज नवज्योतसिंग सिद्धू व त्याचा एक मित्र, दुसऱ्या बाजूस मोटारीतून बँकेकडे निघालेले ६५ वर्षांचे एक गृहस्थ. सिद्धूचे वय तेव्हा २५. त्याने त्या गृहस्थांना हाताने मारले. त्यांना रुग्णालयात नेले, पण त्यांचा मृत्यू झाला. यानंतर जो वाद सुरू झाला तो मुख्यतः वैद्यकीय होता. मृत्यू डोक्याला लागलेल्या मारामुळे झाला, की मुळातच दुबळे असलेले हृदय त्या क्षणी बंद पडल्यामुळे? सत्र न्यायालयाने सप्टेंबर १९९९ मध्ये दोघांनाही निर्दोष सोडले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये तो निकाल फिरवला. मृत्यू मेंदूतील रक्तस्रावाने झाला असे मानून, खुनाच्या सदरात न मोडणाऱ्या सदोष मनुष्यवधाबद्दल दोघांनाही तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०१८ रोजी मनुष्यवधाचा दोष काढून टाकला, मित्राला सोडले, आणि सिद्धूला केवळ इच्छापूर्वक दुखापत केल्याबद्दल दोषी धरून एक हजार रुपये दंड केला.

आता माझ्या भाषणातील चूक पाहा. एक हजार रुपये ही रक्कम न्यायमूर्तींनी आरोपीचे तोंड पाहून ठरवली, असा माझा सूर होता. वस्तुतः भारतीय दंड संहितेच्या ३२३ व्या कलमात शिक्षेची मर्यादाच मुळी एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी होती. ती संहिता १८६० सालची. एक हजार रुपये तेव्हा सामान्य माणसाला जन्मभरात एकत्र पाहायला मिळत नसत, २०१८ मध्ये तेवढ्यात दोघांचे बऱ्यापैकी जेवण होई. (१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा दंड दहा हजारांपर्यंत वाढवला आहे.) म्हणजे न्यायालयाने दंड जास्तीत जास्त केला होता. प्रश्न होता तो कैद का दिली नाही, हा. त्याची कारणे निकालात आहेत. घटनेला तीस वर्षे लोटली, दोघांमध्ये पूर्ववैर नव्हते, आणि आरोपीने कोणतेही शस्त्र वापरले नव्हते.

या तीन कारणांपैकी तिसरे लक्षात ठेवावे, कारण पुढे सारे त्यावरच फिरले.

मयताच्या कुटुंबीयांनी पुनर्विलोकन याचिका केली. अशा याचिका बहुधा न्यायमूर्तींच्या दालनातच फेटाळल्या जातात, पण ही ऐकली गेली, तीही फक्त शिक्षेपुरती. १९ मे २०२२ रोजी न्या. अजय खानविलकर व न्या. संजय किशन कौल यांच्या खंडपीठाने सिद्धूला एक वर्ष सक्तमजुरी सुनावली. न्या. कौल २०१८ च्या खंडपीठावरही होते. कलम तेच, पुरावा तोच, गुन्हाही तोच. मग बदलले काय? न्यायालयाने म्हटले की शिक्षा ठरवताना एक बाब नजरेतून निसटली होती, ती म्हणजे आरोपीचा देह. हात हाही प्रसंगी शस्त्र होऊ शकतो, विशेषतः तो मुष्टियोद्ध्याचा, पहिलवानाचा, क्रिकेटपटूचा किंवा अत्यंत तंदुरुस्त माणसाचा असेल तर. आंतरराष्ट्रीय सामने खेळणाऱ्या धडधाकट तरुणाला आपल्या हाताच्या तडाख्याची कल्पना नव्हती असे म्हणता येणार नाही, आणि तो तडाखा बरोबरीच्या माणसावर नव्हे, तर दुपटीहून अधिक वयाच्या माणसावर पडला होता. प्रायश्चित्त हे वय, काळ आणि शक्ती पाहून द्यावे, या अर्थाच्या जुन्या धर्मशास्त्रीय वचनाचाही निकालात आधार घेतला आहे.

हे वाचून मी चकित झालो. आम्ही सारे समजत होतो की खेळाडूपणा आरोपीच्या बाजूने तागडीत पडतो. इथे तोच खेळाडूपणा त्याच्या विरुद्ध पडला. वर्षानुवर्षे मैदानावर कमावलेले खांदे आणि मनगट, ज्यांच्यासाठी आपण टाळ्या वाजवतो, ते न्यायालयाने पुराव्यासारखे उचलून पाहिले. सिद्धू दुसऱ्याच दिवशी शरण गेला आणि चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून सुमारे दहा महिन्यांनी, १ एप्रिल २०२३ रोजी सुटला.

तर मग न्याय झाला, सवलत कुठे आहे, असे कोणी विचारील. माझ्या मते ती तारखांमध्ये आहे. घटनेपासून त्या शिक्षेपर्यंत तेहतीस वर्षे आणि जवळजवळ पाच महिने गेले. घटनेनंतर काही महिन्यांतच, १९८९ मध्ये, सिद्धू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता आणि किंग्स्टनच्या कसोटीत त्याने शतक काढले. १९९६ च्या विश्वचषकात बंगळूरला पाकिस्तानविरुद्ध त्याने काढलेल्या ९३ धावा अजूनही लोकांना आठवतात. १९९७ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला द्विशतक. शेवटची कसोटी जानेवारी १९९९ मध्ये, आणि सत्र न्यायालयाचा निकाल त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये! खेळाडूचे आयुष्य आखूड असते, पस्तिशीत संपते, असे आपण म्हणतो. इथे पहिला निकाल लागण्यापूर्वी ते पुरते जगून झाले होते. नंतर खासदारकी, दूरदर्शन वाहिन्यांवरचे हास्याचे गडगडाट, पंजाबचे मंत्रिपद. २००६ च्या शिक्षेनंतर त्याने लोकसभेचा राजीनामा दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये दोषसिद्धीलाच स्थगिती दिली, आणि तो अमृतसरची पोटनिवडणूक लढवून पुन्हा निवडून आला. राजीनामा देण्याचे बंधन नसताना तो दिला, हे त्या वेळी त्याच्या बाजूने मोजले गेले.

याउलट, २०२२ च्या निकालाच्या शीर्षकात अर्जदाराच्या नावापुढे 'मयत, वारसामार्फत' अशा अर्थाचे शब्द आहेत. अर्ज करणारा माणूसही निकाल ऐकायला उरला नव्हता.

उशीर तर आपल्याकडे सर्वांच्याच खटल्यांना होतो, तो क्रिकेटपटूसाठी मुद्दाम केला असे म्हणता येणार नाही, असे सर म्हणाले. ते खरे आहे. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. २०१८ मध्ये सिद्धू ज्या सरकारात मंत्री होता, त्याच पंजाब सरकारच्या वकिलाने सर्वोच्च न्यायालयात त्याच्या शिक्षेचे समर्थन केले होते. पण उशीर सर्वांना सारखा लागत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या आकडेवारीनुसार भारतातील तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश माणसे कच्चे कैदी होती, म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्ध व्हायचा होता असे लोक. त्यांच्या दृष्टीने उशीर हीच शिक्षा. जामिनावर बाहेर असलेल्याला, चांगला वकील परवडणाऱ्याला, तोच उशीर मोकळीक होतो. शिवाय शेवटी 'तीस वर्षे झाली' हेच शिक्षा सौम्य करण्याचे कारणही ठरते. उशिराचे असे व्याज मिळायला आधी बाहेर राहावे लागते. नामवंत खेळाडू बाहेर राहू शकतो. ही सवलत कोणा न्यायाधीशाने दिलेली नसते, म्हणून तिच्याविरुद्ध अपीलही करता येत नाही.

दुसरी एक सवलत मात्र निकालपत्रांत उघड लिहिलेली सापडते. तिला मी 'पडण्याची सवलत' म्हणतो. दोन्ही पाय कापलेले असताना कृत्रिम पात्यांवर धावून लंडन ऑलिंपिकपर्यंत पोचलेला दक्षिण आफ्रिकेचा ऑस्कर पिस्टोरियस आठवत असेल. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे प्रिटोरियातील आपल्या घरात, न्हाणीघराच्या बंद दारातून त्याने चार गोळ्या झाडल्या आणि आत असलेली त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प ठार झाली. आत चोर आहे असे वाटले, हा त्याचा बचाव. प्रथम सदोष मनुष्यवध ठरून पाच वर्षे मिळाली. डिसेंबर २०१५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो खून ठरवला आणि शिक्षेसाठी प्रकरण खाली पाठवले. तेथील कायद्याप्रमाणे अशा खुनाला किमान पंधरा वर्षे, मात्र सबळ कारण असल्यास कमी करण्याची मुभा. न्यायाधीश थोकोझिले मासिपा यांनी जुलै २०१६ मध्ये सहा वर्षे दिली. कारणे देताना त्यांनी हेही म्हटले की हा पडलेला नायक आहे, त्याची कारकीर्द गेली, तो पैशानेही धुळीला मिळाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ही शिक्षा धक्कादायक सौम्य ठरवून तेरा वर्षे पाच महिने केली, म्हणजे पंधरा वर्षांतून आधी भोगलेला काळ वजा करून. जानेवारी २०२४ मध्ये तो पॅरोलवर सुटला.

'कारकीर्द गेली' हा युक्तिवाद नीट तपासला पाहिजे. जो उंचावर होता तो पडला, म्हणून त्याला लागले असेल, म्हणून शिक्षा कमी. ऐकताना यात माणुसकी वाटते. पण त्याच दिवशी त्याच गुन्ह्यासाठी एखादा गवंडी उभा असेल, तर त्याने काय सांगावे? त्याचीही रोजंदारी बुडाली, त्याचेही नाव गल्लीत खराब झाले. पण ते वर्तमानपत्रात आलेले नसल्याने न्यायालयाला दिसत नाही. पडण्याची किंमत मोजायची तर उंची लागते, आणि उंची त्याच समाजाने दिलेली असते ज्याच्या वतीने शिक्षा करायची.

याच कीर्तीची दुसरी धारही आहे. २५ जानेवारी १९९५ रोजी लंडनच्या सेलहर्स्ट पार्कवर मँचेस्टर युनायटेडचा फ्रेंच फुटबॉलपटू एरिक कँटोना मैदानाबाहेर पाठवला जात असता एका प्रेक्षकाने त्याला शिव्या दिल्या. कँटोनाने कुंपणावरून झेप घेऊन त्याला लाथ मारली. खालच्या न्यायालयाने त्याला दोन आठवडे कैद दिली, आणि कारण असे दिले की तो प्रसिद्ध आहे, तरुण मुले त्याच्याकडे पाहतात, म्हणून कैदच योग्य. म्हणजे कीर्तीमुळे शिक्षा वाढली. त्याच महिन्यात अपिलात ती जाऊन १२० तास समाजसेवा आली, आणि त्याने ते तास मुलांना फुटबॉल शिकवण्यात घालवले. पुष्कळ मुलांना ती शिक्षा त्याला झाली की आपल्याला बक्षीस मिळाले, असा प्रश्न पडला असेल! फुटबॉल संघटनेने मात्र त्याला सप्टेंबर १९९५ अखेरपर्यंत खेळू दिले नाही. न्यायालयापेक्षा संघटनेचा हात जड पडला.

स्कॉटलंडच्या डंकन फर्ग्युसनला तर १९९४ मध्ये सामना चालू असताना प्रतिस्पर्ध्याला डोक्याने धडक मारल्याबद्दल तीन महिने कैद झाली, आणि त्यातील ४४ दिवस त्याने भोगले. पंचाने ती धडक पाहिलीच नव्हती, मैदानावर साधी ताकीदही मिळाली नव्हती. अर्थात आधीच्या मारामाऱ्यांबद्दल तो तेव्हा परिवीक्षेवर होता. आणि मुष्टियोद्धा माइक टायसन? ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेत मोटारींची धडक झाल्यावर त्याने दोघा वाहनचालकांना मारले. प्रकार पतियाळासारखाच, रस्त्यावरचा, फक्त तिथे कोणी मेले नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, त्याला एक वर्ष कैद झाली. त्याच्यावर १९९२ च्या बलात्काराच्या दोषसिद्धीचा डाग होता हे खरेच. तरीही जगाने ज्याला आधीच दांडगा ठरवले आहे त्या खेळाडूला कीर्तीचा उपयोग होत नाही, आणि ज्याच्याकडे पाहून जग हसते किंवा हळहळते त्याला होतो, असे मला या दोन-चार प्रकरणांवरून वाटते. न्यायाधीश हा शेवटी आपल्यासारखाच सामने पाहणारा माणूस. दोन-चार प्रकरणांवरून नियम बांधू नये हे मान्य, पण मी शास्त्र लिहीत नाही, शंका मांडतो आहे.

आता पुन्हा आपल्या देशात येऊ. सवलतीचे एक तिसरे ठिकाण निकालाच्याही अलीकडे असते. ते म्हणजे साक्षीदार.

बीजिंगला २००८ मध्ये कांस्य आणि लंडनला २०१२ मध्ये रौप्य जिंकणारा सुशील कुमार आपल्या तालमीतल्या पोरांचा देव होता. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये एका तरुण पहिलवानाला मारहाण होऊन त्याचा मृत्यू झाला, आणि त्या प्रकरणी सुशीलला अटक झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्यावर खुनाचा आरोप निश्चित झाला. हा आरोप आहे, सिद्ध झालेला गुन्हा म्हणून मी तो मांडत नाही. माझा मुद्दा जामिनाचा आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि १३ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आरोपी ऑलिंपिकपटू आहे, समाजात त्याचे वजन आहे, आणि साक्षीदारांवर त्याचे दडपण येणार नाही असे म्हणता येत नाही, असे त्या निकालाचे एक सूत्र आहे. इथे पुन्हा तेच, कीर्ती आरोपीच्या विरुद्ध मोजली गेली. पण का मोजावी लागली, हे तालमीत ज्याने लंगोट बांधला आहे त्याला सांगायला नको. वस्तादाविरुद्ध कोण बोलणार? त्याच मातीत उद्या उतरायचे असते.

याविषयी मला थोडे अनुभवाने ठाऊक आहे. आमच्या गावच्या यात्रेत दोन वर्षांपूर्वी मांडव घालणाऱ्या एका कामगाराला आमच्या तालमीच्या पहिलवानाने कानशिलात मारली. खांब वाटेत ठेवला, एवढेच कारण. तो माणूस खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. पाहणारे आम्ही चौघे होतो. संध्याकाळी पाराजवळ मंडळी जमली. पहिलवानाची जिल्ह्याची निवड आठवड्यावर आली होती. आमच्या तात्यांनीच विषय मिटवला. "पोराचं आयुष्य आहे, पोलिसात कशाला जायाचं?" असे ते म्हणाले, आणि कामगाराच्या मुकादमाला औषधाचे पैसे दिले. मला कोणीतरी विचारले, "तू हुतास न्हवं तिथं?" गर्दीत नीट दिसले नाही, असे मी सांगितले. मला स्पष्ट दिसले होते. पहिलवान वाईट नव्हता, मला पोहायला त्यानेच शिकवले होते.

तक्रार झाली नाही, त्यामुळे खटला नाही, त्यामुळे सौम्य की कठोर हा प्रश्नच उद्भवला नाही. तो कामगार पुढच्या यात्रेला पुन्हा मांडव घालायला आला होता. हाक मारली की तो मान वळवून उजवा कान पुढे करीत होता.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी हे सरांना सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे भाषणात का नव्हते?"